पडल्याची नोंद

वृद्धाश्रम बघायला येणारे नातेवाईक साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात येतात. बाग बघतात, स्वयंपाकघरात डोकावतात, बाथरूमला वास येतो का ते बघतात, महिन्याचे पैसे आणि डिपॉझिट विचारतात. हे सगळं बघायलाच हवं. पण झोपून असलेल्या आजींची कूस रात्री कोण बदलतं, पहाटे बेल वाजवली तर माणूस किती वेळाने येतं, थायरॉइडची गोळी चहाच्या आधी मिळते की चहाबरोबर, यातलं काहीच त्या फेरीत कळत नाही. आणि त्या वयात जिवावर बेततं ते बहुतेक वेळा अशाच गोष्टींतून.

मी आयुष्यभर रुग्णालयात नर्सिंग केलं, शेवटची वर्षं वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर पुण्याजवळच्या एका विश्वस्त संस्थेच्या वृद्धाश्रमाने मला बोलावलं. चाळीसच्या आसपास आजी-आजोबा, त्यातले निम्म्याहून जास्त अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले. बोलावण्यामागचं कारण दुःखाचं होतं. एका आजींना तापासाठी रुग्णालयात हलवलं, तिथल्या सिस्टरने त्यांना कुशीवर वळवलं आणि माकडहाडावर खोल जखम दिसली, एकाच जागी पडून राहिल्याने होते तशी. ही कधीपासून आहे, या प्रश्नाला संस्थेत कोणाकडेच उत्तर नव्हतं. रजिस्टर उघडलं तर रोजच्या पानावर एकाच शाईत एकच ओळ: 'पेशंट ठीक. कूस बदलली.'

आजींचा मुलगा इंग्लंडमध्ये राहतो. तो आरडाओरडा न करता एवढंच म्हणाला, "तुमच्या संस्थेचा इन्स्पेक्शन रिपोर्ट मला कुठे वाचायला मिळेल?" इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही यंत्रणा केअर होमची तपासणी करते. इथे माणसं सुरक्षित आहेत का, काळजीचा उपयोग होतो का, वागणूक आपुलकीची आहे का, प्रत्येकाची गरज ओळखून सेवा दिली जाते का आणि चालवणारे नीट चालवतात का, या पाच प्रश्नांवर श्रेणी ठरते. अहवाल कोणालाही वाचता येतो, आणि श्रेणीचा कागद होममध्ये दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा आहे. त्याच्या कलम 19 मध्ये जिल्ह्याला निदान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम आणि तो चालवण्याचे निकष यांचा उल्लेख आहे. तक्रारीसाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे. पण दारावर लावलेला तपासणीचा निकाल मला आजवर आपल्याकडच्या एकाही वृद्धाश्रमात दिसलेला नाही. त्या मुलाच्या प्रश्नावर विश्वस्त गप्प बसले, आणि त्यानंतर मला फोन आला.

विश्वस्तांना वाटत होतं की मी एक चेकलिस्ट बनवीन, ती भरली जाईल आणि काम होईल. ऑक्सिजन सिलिंडर आहे, एअर मॅट्रेस आहेत, सीसीटीव्ही आहे, स्वयंपाकघराचा अन्न परवाना आहे, अशी यादी त्यांनी मला पहिल्याच भेटीत वाचून दाखवली. वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजायची यावर अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये एक मांडणी केली, ती अजून जगभर वापरतात. ते म्हणाले, तीन ठिकाणी बघा: साधनं काय आहेत, काम प्रत्यक्षात कसं होतं, आणि माणसाचं शेवटी काय झालं. आमची यादी पहिल्यातच संपत होती. एअर मॅट्रेस होती, पण तिच्या पंपावरचं वजनाचं बटण सगळ्या खाटांवर सारखंच होतं. मग चाळीस किलोच्या आजी दगडासारख्या कडक गादीवर झोपायच्या. काही गाद्यांवर प्लास्टिक आणि वर जाड गोधडी घातलेली, म्हणजे गादी असून नसल्यासारखी. आणि वीज गेली की पंप बंद, इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे.

सुरुवातीला मी काहीही बदललं नाही. रात्री जाऊन बसले. कोणाला पकडायला आले नाही हे मी मावशींना आधीच सांगितलं, तरी पहिल्या रात्री सगळे ताठ होते. पुढे सरावले. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी, अख्ख्या इमारतीला दोन मावशी आणि एक ब्रदर. दहाला सगळ्यांचे डायपर बदलायचे, पुन्हा पाचला. मधल्या वेळात कोण हाक मारतं त्याप्रमाणे धावपळ. कूस बदलल्याच्या नोंदी मात्र रात्री साडेनऊलाच, पुढच्या पहाटेपर्यंतच्या भरून ठेवलेल्या. मी एका मावशींना विचारलं, असं का? त्यांनी सरळ सांगितलं, "सिस्टर, सकाळी साताला अंघोळी सुरू होतात. तेव्हा लिहायला बसले तर माझं काम कोण करणार? आणि न लिहिलं तर पगार कापतात."

या एका उत्तरात मला संस्थेची सगळी परिस्थिती कळली. कोरं पान दिसलं की दंड, भरलेलं दिसलं की कोणी पुढे विचारत नाही. मग माणसं पान भरतात. नांदेड, बीड, हिंगोलीकडून आलेल्या, गावी मुलं सासूकडे ठेवून बारा-बारा तास राबणाऱ्या या बायकांना खोटारडं म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. खोटं लिहायला लावणारी पद्धत वरून आलेली होती.

म्हणून पहिली गोष्ट मी विश्वस्तांकडून लेखी घेतली: नोंद केली म्हणून कोणाचाही पैसा कापला जाणार नाही, कोणाला काढलं जाणार नाही. मारहाण, चोरी, अपमान यांना ही सूट नाही, पण पडणं, चुकलेली गोळी, लाल झालेली पाठ या सगळ्यांना आहे. त्या पत्राची प्रत मी मावशींच्या खोलीत लावली आणि वाचूनही दाखवली. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. एका ब्रदरने चुकून दोनदा दिलेली बीपीची गोळी स्वतःहून सांगितली. डॉक्टरांना लगेच फोन केला, आजोबांचा बीपी रात्रभर तासातासाने बघितला, काही झालं नाही. महिन्याच्या एक तारखेला ब्रदरचा पगार पूर्ण आला. खरी नोंद सुरू झाली ती त्या दिवसानंतर.

आणि मग आकडे वाढले. आदल्या अख्ख्या वर्षात पडल्याच्या जितक्या नोंदी होत्या, त्याहून जास्त पहिल्या काही आठवड्यांत झाल्या. विश्वस्तांच्या बैठकीत एक काका अस्वस्थ झाले. "ताई, तुम्ही आल्यापासून माणसं जास्त पडायला लागलीत." त्यांची काळजी मनापासूनची होती, म्हणून मी सविस्तर समजावलं. माणसं आधीही पडतच होती, आता आपल्याला कळतं एवढाच फरक. शिवाय नुसता आकडा बघून चालत नाही, किती माणसं किती दिवस राहिली त्याने भागावं लागतं. चाळीस जण तीस दिवस म्हणजे 1200 दिवस, त्यात सहा वेळा कोणी पडलं तर हजार दिवसांमागे पाच, म्हणजे हजारी पाच. पुढच्या महिन्यात माणसं कमी-जास्त झाली तरी मग तुलना करता येते.

पण मला जास्त हवं होतं ते वेळेचं आणि जागेचं टिपण. नोंदीत मी 'हलगर्जीपणा कोणाचा' हा रकाना काढून टाकला आणि चार नवे घातले: किती वाजता, कुठे, पायात काय होतं, कुठे निघाले होते. दोन महिन्यांची पानं समोर पसरली तर निम्म्याहून जास्त पडणं पहाटे पाच ते साडेसहामध्ये, खोली आणि बाथरूम यांच्या मधल्या पट्ट्यात. साडेपाचला त्या पट्ट्यात फिनेल टाकून फरशी पुसली जायची, कारण सहाला विश्वस्तांपैकी कोणी फिरायला आलं तर स्वच्छ दिसावी. आजी-आजोबा नेमके तेव्हाच लघवीला उठायचे, पायात गुळगुळीत झालेल्या हवाई चपला. त्यात तिघा-चौघांना लघवी होण्याची गोळी संध्याकाळी मिळत होती. डॉक्टरांनी ती सकाळवर आणली. झोपेच्या गोळ्यांचाही त्यांनी फेरविचार केला, काही हळूहळू बंद केल्या. फरशी साडेनऊला, नाश्त्यानंतर पुसायला लागलो. बीपी आता आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी घेतो. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर त्या माणसाच्या खाटेवर खूण असते: आधी बसवा, मग उभं करा. पहाटेच्या त्या दीड तासात मावशी दुसरं कोणतंही काम करत नाहीत, फक्त बाथरूमला नेतात. यातल्या एकाही गोष्टीला फारसा खर्च आला नाही.

याच्या पाठोपाठ जो प्रश्न आला तो मला सगळ्यात कठीण वाटतो. काही खुर्च्यांना ओढण्या बांधलेल्या होत्या. आजोबा उठू नयेत म्हणून कमरेला, आजी नाकातली नळी ओढतात म्हणून मनगटाला. घरच्यांनीच तसं लिहून दिलं होतं. एक मुलगी मला म्हणाली, "बांधून ठेवा सिस्टर, पण पडू देऊ नका. आधीच एक खुबा मोडलाय." तिची भीती खोटी नव्हती. खुबा मोडल्यावर त्या वयात किती जण पुन्हा पूर्वीसारखे चालतात, हे मी वॉर्डात बघितलंय. पण बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि जास्त वाईट पडतो. बसून बसून पायांतली ताकद जाते, पाठ फुटते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 97 मी बैठकीत वाचून दाखवलं. तात्काळ धोका टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तरच बांधता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद ठेवून. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. तो कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठीचा आहे. पण गंभीर मानसिक आजारी माणसाला जो मान मिळतो तो आमच्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना का मिळू नये, एवढंच मी विचारलं.

ओढण्या एका दिवसात सुटल्या नाहीत. प्रत्येकाचं वेगळं बघावं लागलं. नळी ओढणाऱ्या आजींची नळी अजून लागतेच का हे डॉक्टरांना विचारलं, गिळण्याची तपासणी झाली, दाटसर पेज चमच्याने जायला लागली, नळी निघाली, मनगटं मोकळी झाली. खुबा मोडलेल्या आजींची खाट बुटकी केली आणि शेजारी जमिनीवर गादी. एक आजोबा रोज चारला उठून दाराशी जायचे. ते एसटीत चालक होते, पहाटेची पहिली गाडी त्यांची. आता चारला त्यांना मावशी स्वेटर घालतात, चहा देतात आणि व्हरांड्यात बसवतात. साडेपाचला ते स्वतःहून परत येतात. त्या मुलीशी मात्र मला बरंच बोलावं लागलं. शेवटी तिने लिहून दिलं की आई पडण्याची शक्यता मान्य आहे, बांधू नका. असं लिहून देणाऱ्या मुलीला काय वाटत असेल याची मला जाणीव आहे, आणि त्यानंतर आजींना जरा काही झालं की मी तिला त्याच तासात कळवते, रात्र असली तरी.

पाठीच्या जखमांसाठी ब्रेडन मापन आणलं. सहा गोष्टींना गुण द्यायचे: जाणीव, ओल, हालचाल, कूस बदलण्याची ताकद, खाणं, घसटणं. बेरीज 6 ते 23 मध्ये येते, 18 किंवा कमी आली की धोका. ते सिस्टर भरते. मावशींना मी दुसरंच शिकवलं. हाडावरची त्वचा बोटाने दाबा, बोट काढल्यावर फिकी पडली नाही तर तशीच मला हाक मारा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, पुस्तकातली चित्रं गोऱ्या पाठींची असतात. म्हणून हात लावून बघायचं: गरम लागतं का, कडक लागतं का, आजी कळवळतात का. मोठ्या रजिस्टरातली कूस बदलण्याची नोंद बंद केली. धोका असलेल्या प्रत्येकाच्या पायथ्याशी एक पाटी आणि पेन, डावी-उजवी-उताणं आणि वेळ. रात्री दोनची नोंद दोनलाच होते, कारण ती खाटेशीच आहे. नाही झाली तर तो चौकोन कोरा राहतो, आणि कोऱ्या चौकोनाबद्दल मी कोणाला रागावत नाही. एकाच रात्री दहा चौकोन कोरे दिसले तर त्या रात्री माणूस कमी होतं एवढाच त्याचा अर्थ, आणि तो कागद मी विश्वस्तांपुढे ठेवते.

औषधांचं थोडक्यात सांगते. घरच्यांनी भरून पाठवलेले डबे आम्ही घेणं बंद केलं, कारण कापलेल्या पट्टीवर नाव उरत नाही. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर एकच औषध वेगवेगळ्या ब्रँडनावाने लिहिलेलं आणि दोन्ही चालू, असंही सापडलं. गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या जायच्या. त्यात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही असायच्या, ज्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. फार्मासिस्टने बसून यादी केली, डॉक्टरांनी काही पातळ औषधं दिली.

एकादशी मात्र वेगळी सांगितली पाहिजे. आषाढीला निम्मं घर उपास करतं आणि तो मोडायला सांगणं मला कधीच पटलं नसतं. पण शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नेहमीप्रमाणे गेली, आणि पोटात वाटीभर वरीचे तांदूळ. संध्याकाळी एक आजी घामाने भिजल्या, काही तरीच बोलायला लागल्या. शुगर 70 च्या बरीच खाली होती. साखरपाणी दिलं, सावरल्या. आता पंचांग नर्सिंगच्या टेबलावर असतं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना यादी जाते, कोणाची गोळी किंवा इन्सुलिन किती करायचं ते लिहून येतं, आणि त्या दिवशी शुगर जास्त वेळा बघतो. साबुदाण्याच्या खिचडीने गिळायला त्रास असलेल्यांना ठसका लागतो, त्यांना राजगिऱ्याची खीर.

वजन महिन्याला होतं, त्यातूनही एक गोष्ट हाती लागली. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं की दखल घ्यायची, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो. तशी नावं अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. स्वयंपाक चांगलाच होता. पण रात्रीचं जेवण साडेसहाला आणि सकाळचा चहा साडेसातला, मधले तेरा तास पोटात काही नाही, कारण स्वयंपाकघर आठला बंद करायचं असायचं. आता नऊला दूध, लापशी किंवा नाचणीचं सत्त्व फिरतं.

तक्रारपेटी दाराजवळ होतीच, कायम रिकामी. आजी-आजोबा तक्रार करत नाहीत. "इथंच राहायचंय ना बाई," असं एका आजींनी मला सांगितलं, आणि त्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. म्हणून 'काही तक्रार आहे का' हे मी विचारतच नाही. 'काल रात्री बेल वाजवली होती का? कोण आलं? किती वेळाने?' असं विचारते. 'अंघोळीचं पाणी कसं होतं? परवा केस कोणी विंचरले?' त्याला उत्तरं येतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांचे चेहरे मी मावशी आंघोळ घालत असताना बघते. कॅमेऱ्याचा मला उपयोग झाला तो कधीतरी, कोण कसं पडलं ते कळायला. पण कॅमेरा आहे म्हणून देखरेख आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. रात्री तो पडदा बघायला कोणी बसलेलं नसतं, आणि बसलं तरी पाठ गरम लागते का ते पडद्यावर कळत नाही.

आता दर महिन्याला एक कागद आम्ही दाराशी लावतो. हजारी किती पडले, कोणाला नवी जखम झाली (नाव न देता), किती औषधं चुकली, किती जणांचं वजन उतरलं, रात्रीची माणसं किती रात्री कमी होती. हा कागद लावायचा की नाही यावर विश्वस्तांत बरीच भवति न भवति झाली. तो वाचून एका कुटुंबाने आईला दुसरीकडे ठेवलं, तिथे असला कागद नव्हता. दुसऱ्या एका मुलाने कागदावर बोट ठेवून विचारलं, "दिवाळीच्या महिन्यात सगळेच आकडे वर का गेलेत?" मला तो प्रश्न फार आवडला. दिवाळीत मावशी गावी जातात, जायलाच हव्यात, आणि बदली माणसं एजन्सीकडून येतात. त्यांना कोणाची कूस, कोणाचा चहा, कोणाची भीती यातलं काही माहीत नसतं.

हे रजिस्टरने सुटणार नाही. त्याला पैसे लागतात. मी विश्वस्तांपुढे दोन मागण्या ठेवल्या. रात्रीला तिसरी मावशी मंजूर झाली. बारा तासांऐवजी आठ तासांच्या पाळ्या अजून झालेल्या नाहीत, कारण मग महिन्याचे पैसे वाढवावे लागतील, आणि काही कुटुंबांना ते झेपणार नाही हे मलाही दिसतं. तरीही मी ती मागणी दर बैठकीत ठेवते. शेजारच्या तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाशी बोलणं झालंय: त्यांच्या सिस्टरने न कळवता आमच्याकडे रात्री यायचं, मी त्यांच्याकडे जायचं, आणि दोघींनी जे दिसेल ते लिहून दोन्हीकडच्या विश्वस्तांना द्यायचं. त्यांच्या विश्वस्तांचा होकार आला आहे. आमच्याकडचा ठराव पुढच्या बैठकीत येईल. यंदा दिवाळीच्या रजांचं वेळापत्रक मावशींनी गणपतीच्या आधीच स्वतः बसून केलं आहे, आणि बदली माणसांनी आठवडाभर आधी येऊन त्यांच्यासोबत रात्री काढायच्या असं ठरलं आहे.